काळजी घेतली, पण ती आजारी माणसापर्यंत पोहोचली का?

प्रश्न असा आहे: गेल्या चाळीसेक वर्षांत तत्त्वज्ञानात ‘काळजीची नीती’ म्हणून जो विचार पुढे आला, तो आपल्या कर्तव्याच्या किंवा सेवेच्या कल्पनेहून वेगळं काय सांगतो? आणि घरात आई किंवा वडील अंथरुणाला खिळलेले असताना त्याचा प्रत्यक्ष उपयोग काय?

उपयोग आहे, आणि तो रोजच्या कामातला आहे. कर्तव्याचा हिशेब ते करणाऱ्याच्या बाजूने मांडला जातो: औषधं आणली, माणूस ठेवला, रात्री जागलो. काळजीच्या नीतीत तो दुसऱ्या टोकाला मांडतात: ज्याच्यासाठी हे केलं त्याचं दुखणं उतरलं का, त्याला झोप लागली का, त्याचं म्हणणं कोणी ऐकलं का. हे एकदा मान्य केलं की कूस बदलण्यापासून वैद्यकीय इच्छापत्रापर्यंत (पुढे कोणते उपचार हवेत-नकोत हे आधीच लिहून ठेवणं) बऱ्याच गोष्टी वेगळ्या तऱ्हेने कराव्या लागतात.

आधी विचार थोडक्यात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांचं ‘इन अ डिफरंट व्हॉइस’ हे पुस्तक १९८२ साली आलं. मुलांची नैतिक समज किती वाढली हे मोजायला मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग एक पेच घालत. हाइन्झ नावाच्या माणसाची बायको मरणाच्या दारात आहे, औषध त्याला परवडत नाही, औषधवाला किंमत कमी करत नाही. तर हाइन्झने ते चोरावं का? अकरा वर्षांचा जेक म्हणतो, चोरावं, जीव पैशापेक्षा मोठा. त्याच वयाची एमी घुटमळते. हाइन्झ तुरुंगात गेला आणि बायकोचं दुखणं वाढलं, तर तिच्याजवळ कोण? बोलून, पैसे उभे करून मार्ग निघणार नाही का? कोलबर्ग यांच्या मोजपट्टीवर एमी खाली राहते. गिलिगन यांनी दाखवलं की ती मुळात वेगळा प्रश्न सोडवते आहे: नाती न तुटता गरज कशी भागेल? घरात लांबलेला आजार पाहिलेल्या कोणालाही एमीचं म्हणणं समजावून द्यावं लागत नाही.

शिक्षणाच्या तत्त्वज्ञ नेल नॉडिंग्ज यांनी १९८४ साली पुढचं पाऊल टाकलं. काळजी घेणाऱ्याने कितीही जीव ओतला, तरी समोरच्यापर्यंत ते पोहोचलं नाही तर काळजीचं नातं अपुरं राहतं. त्याने आभार मानायला हवेत असं नाही. चेहरा सैलावला, घास गिळला गेला, एवढी पोचही पुरते. बेरेनिस फिशर आणि जोन ट्रोंटो या अमेरिकन अभ्यासकांनी १९९० मध्ये काळजीचे चार टप्पे मांडले: गरज दिसणं, ती भागवण्याची जबाबदारी उचलणं, प्रत्यक्ष काम करणं, आणि ज्याच्यासाठी ते केलं त्याचा प्रतिसाद. तीन वर्षांनी ट्रोंटो यांनी प्रत्येक टप्प्याला एक नैतिक गुण जोडला. लक्ष आणि जबाबदारी कोणीही सुचवलं असतं. कौशल्यालाही त्यांनी नीतीत बसवलं, हे फार मोलाचं आहे. मायेने पण चुकीच्या पद्धतीने भरवलेला घास श्वासनलिकेत गेला, तर तिथे माया अपुरी पडलेली असते.

हा विचार आपल्या परंपरेला परका नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात उपचाराचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे गुणही चार: उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग, शौच. म्हणजे शुश्रूषेचं ज्ञान, हातोटी, रोग्यावर माया आणि स्वच्छता; माया चारांतली एक. रोग्याच्या गुणांत ‘ज्ञापकत्व’ आहे, म्हणजे आपल्याला काय होतंय ते सांगता येणं. बौद्ध भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ असलेल्या विनयपिटकातल्या महावग्गात बुद्ध आणि त्यांचा शिष्य आनंद यांना हगवणीने स्वतःच्याच घाणीत पडलेला एक भिक्खू दिसतो. त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. ते दोघे त्याला धुतात, उचलून मंचकावर निजवतात, आणि त्यानंतर बुद्ध शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगतात. पथ्य-अपथ्य कळणं, औषध नीट तयार करता येणं, मळ-मूत्र-ओकारी उचलताना किळस न करणं, इतकं नेमकं ते आहे. चरकांनी रोग्याकडून ‘निर्देशकारित्व’ही मागितलं आहे, म्हणजे सांगितलेलं ऐकणं. आजची काळजीची नीती इथे अडते. रोगी नाही म्हणतो तेव्हा त्याच्या नकारातही माहिती असते, असं ती मानते. त्याकडे पुढे येऊच.

आता हे चार टप्पे खाटेपाशी.

गरज दिसणं हे वाटतं तितकं सोपं नाही, कारण अंथरुणातल्या माणसाला स्वतःची गरज कळेलच असं नसतं. पक्षाघातात, मधुमेहात संवेदना कमी होते. माकडहाडावर दाब येत राहतो आणि बेडसोर, म्हणजे दाबाने होणारी जखम, वर दिसायच्या आधी आत सुरू होतो. रोज अंग पुसताना चांगल्या उजेडात कातडी पाहावी: माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपरं, डोक्याची मागची बाजू, कान. लाल दिसलेल्या जागी बोट दाबून सोडावं. जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर रक्त फिरतंय. लाली जशीच्या तशी राहिली तर इजा सुरू झाली, त्या बाजूवर आता झोपवायचं नाही. मात्र ही खूण गोऱ्या कातडीवरून घेतलेली आहे. सावळ्या अंगावर लाली दिसेलच असं नाही. तिथे जागा आजूबाजूपेक्षा गरम, घट्ट किंवा पिलपिलीत लागते का, रंग जांभळट झालाय का, हे हात लावून पाहावं लागतं. घरोघरी हे सुटतं आणि फोड फुटल्यावरच लक्षात येतं.

दुसरी सुटणारी गोष्ट म्हणजे अचानक आलेला संभ्रम. कालपर्यंत नीट बोलणारा माणूस एका दिवसात असंबद्ध बोलू लागला, किंवा उलट एकदम गप्प आणि झोपाळू झाला, तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नये. लघवीचा जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, अंगातलं पाणी कमी होणं, नवं औषध, यांतलं काहीतरी बहुधा निघतं, आणि उपचारांनी बऱ्याचदा उतरतं. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं.

जबाबदारीच्या टप्प्यावर घरं फुटतात. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, आणि ते करणाऱ्या पुरुषांची ९७. घरच्यांची काळजी घेण्यात हेच आकडे १३४ आणि ७६ होते. हे काम करणाऱ्यांचंच प्रमाण पाहिलं तर पुरुष मुळात थोडे. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा अपत्यांमध्ये मुलगा, मुलगी, नातू आणि नात धरतो. सून त्या व्याख्येत नाही. कायद्याने जिच्यावर काही टाकलेलं नाही, तिच्याच अंगावर बहुतेक घरांत सगळं पडतं, आणि ‘ती करतेच’ म्हणून त्याची चर्चाही होत नाही. ट्रोंटो यांनी याला नाव दिलंय: सोयीने मिळालेली बेजबाबदारी. कमावतो म्हणून सूट, लांब राहतो म्हणून सूट, ‘मला रक्त बघवत नाही’ म्हणून सूट. ज्याला सूट मिळते त्याला ती दिसतही नाही.

यावर उपाय कागदाचा आहे. सगळ्या भावंडांनी बसून कामं तासांसकट लिहायची. दर २ तासांनी कूस म्हणजे दिवसाला १२ वेळा, त्यांतल्या ४ रात्रीच्या. अंग पुसणं पाऊण तास. भरवणं प्रत्येक वेळी ३० ते ४० मिनिटं. औषधं, कपडे, डॉक्टर, बँक, विमा. मग प्रत्येकापुढे नाव. परदेशातल्या मुलाला कूस बदलता येणार नाही. पण रिपोर्ट सांभाळणं, डॉक्टरांशी बोलणं, विम्याचा पाठपुरावा, औषधांची ऑनलाइन मागणी हे पूर्णपणे त्याच्याकडे देता येतं. वर्षातून दोन-तीन आठवडे येऊन सगळं एकट्याने अंगावर घेतलं तर त्याला कामाचं वजन कळतं, आणि इथल्या माणसाला गावाला जाता येतं. नुसते पैसे पाठवणं हा वाटा आहे, पण तेवढ्यावर निर्णयाचा अधिकार मागू नये. जो रात्री उठतो त्याच्या मताला जास्त वजन हवं.

कौशल्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण चांगल्या मनाच्या माणसांकडून सगळ्यात जास्त इजा इथेच होते.

कूस बदलताना माणसाला ओढायचं नाही. ओढताना कातडी गादीला धरून राहते, आतलं हाड सरकतं आणि मधल्या बारीक रक्तवाहिन्या ताणल्या जातात. जखम खोलवर होते. जुनी सुती चादर घडी करून खांद्यांपासून मांड्यांपर्यंत अंगाखाली ठेवावी. दोघांनी दोन बाजूंनी तिच्या कडा गुंडाळून धराव्यात आणि माणसाला किंचित उचलून सरकवावं. एकटं असताना आपल्याकडे वळवणं सुरक्षित. त्याचा पलीकडचा हात छातीवर ठेवायचा, पलीकडचा गुडघा दुमडायचा, एक हात खांद्यावर, एक कमरेवर, आणि सावकाश आपल्याकडे कलवायचं. पूर्ण कुशीवर नको, कारण सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंश कलतं ठेवलं की भार कुल्ल्याच्या मांसल भागावर राहतो. गुडघ्यांमध्ये एक उशी. पोटऱ्यांखाली लांबीच्या दिशेने एक, टाचा हवेत राहतील अशी. जेवणाची वेळ सोडून डोक्याकडची बाजू ३० अंशांपेक्षा उंच ठेवू नये, नाहीतर माणूस खाली घसरत राहतो आणि पुन्हा तीच ओढाताण.

लाल झालेल्या जागी चोळायचं नाही; खालच्या पेशी आधीच दुखावलेल्या असतात. रबरी रिंग वापरायची नाही, ती मधल्या भागाचा रक्तपुरवठा चहूबाजूंनी दाबते. स्पिरिट कातडी कोरडी करतं, पावडरचे घामात गोळे होतात. लघवी-शी लागणाऱ्या भागाला पाण्याने साफ करून, टिपून कोरडं करून, झिंक ऑक्साइडचं मलम किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावावा. एअर बेड चांगला, पण त्याने कूस बदलणं सुटत नाही. त्यावर गोधडी, मेणकापड आणि दोन चादरी घातल्या तर त्याचा उपयोगच संपतो. एकच पातळ चादर, सुरकुती न ठेवता.

भरवताना शक्य तितकं ताठ बसवावं, हनुवटी किंचित खाली. डोकं मागे टाकून पाजलं की श्वासनलिका उघडी पडते. छोट्या चमच्याने, साधारण ५ मिली, आणि गिळलेलं दिसल्याशिवाय दुसरा घास नको. अनेकांना जेवणापेक्षा पाणी आणि चहा अवघड जातात, कारण पातळ पदार्थ घशात वेगाने उतरतो. ठसका, डोळ्यांत पाणी, किंवा खाल्ल्यावर आवाज ओलसर, घरघरता होणं, यांतलं काही दिसलं की थांबावं. पक्षाघातानंतर काहींना ठसका लागतच नाही. वारंवार ताप आणि छातीत कफ एवढीच खूण असते. अशा वेळी स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून किती घट्ट पदार्थ द्यायचे ते ठरवून घ्यावं. जेवणानंतर अर्धा तास बसलेलं ठेवावं आणि तोंड मऊ ब्रशने स्वच्छ करावं. न्यूमोनियाचे जंतू बऱ्याचदा न साफ केलेल्या तोंडातूनच खाली उतरतात.

पोटाबाबत एकच, पण नेहमी होणारी चूक. तीन-चार दिवस शी झालेली नाही आणि मग थोडी थोडी पातळ गळू लागली, की घरचे जुलाब थांबवायची गोळी देतात. आत कडक खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपत असतो. गोळीने अडथळा आणखी घट्ट होतो. मॉर्फिन किंवा ट्रमाडॉलसारखं तीव्र वेदनाशामक चालू असेल तर शौचाला साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच सोबत हवं, हे डॉक्टरांना विचारून घ्यावं.

चौथा टप्पा म्हणजे प्रतिसाद. बहुतेक घरांत तो नसतोच. खाटेशेजारी एक वही असते, तिच्यात वेळ, कूस, औषध, लघवी, शी, जेवण यांचे रकाने असतात. त्यात शेवटचा रकाना वाढवावा: ‘काय म्हणाले’. बोलता येत नसेल तर ‘कसे दिसले’: कपाळाला आठी, हलवताना कण्हणं, हात झटकणं, तोंड घट्ट मिटणं. आठवडाभर हा रकाना भरला की नमुने दिसू लागतात. संध्याकाळच्या पाळीतच जेवण नाकारलं जातं. डावी कूस केली की कण्हणं येतं, म्हणजे त्या खांद्याची तपासणी हवी. अंग पुसायला विरोध होतो, पण अंग झाकून एकेक भाग उघडला तर होत नाही. शेवटची गोष्ट फार ठिकाणी खरी ठरते. विरोध स्वच्छतेला नसतो, उघडं पडण्याला असतो. ‘आता हात पुसतो हं’ असं सांगून, होकाराची क्षणभर वाट पाहून सुरू करावं, समोरचा बेशुद्ध वाटला तरी.

जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर यांनी १९२७ च्या ‘बीइंग अँड टाइम’मध्ये दुसऱ्याची काळजी घेण्याची दोन टोकं सांगितली आहेत. एकात आपण त्याच्या जागी उडी घेतो आणि त्याचं काम हिसकावून स्वतः करतो. तो हळूहळू परावलंबी होतो. दुसऱ्यात त्याचं काम त्याला करता यावं म्हणून पुढे जाऊन वाट मोकळी करतो. पक्षाघात झालेल्या आजोबांना डाव्या हाताने चमचा धरता येतो, पण जेवायला ४० मिनिटं लागतात आणि सांडतं. भरवलं तर १० मिनिटं. भरवणं हे पहिलं टोक. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून जाड मूठ करणं, ताटाखाली ओलं फडकं घालून ते सरकू न देणं, छातीवर पंचा टाकून सांडू देणं हे दुसरं. वेळ नसतो हे खरं आहे. म्हणून तिन्ही वेळा नाही जमलं तरी एक जेवण त्यांचं स्वतःचं राहू द्यावं.

नकाराचं काय करायचं? ‘रात्री मला उठवू नका’ असं रोगी म्हणतो, आणि दर २ तासांची कूस तर हवी. इथे नियम आणि माणूस समोरासमोर येतात. आधी कातडीची स्थिती पाहावी. ती शाबूत असेल, गादी चांगली असेल, तर नर्स किंवा डॉक्टरांना विचारून रात्रीचं अंतर वाढवता येतं. झोपमोड न करता नुसती उशी थोडी सरकवून भार बदलता येतो. जखम असेल तर तिचा फोटो त्यालाच दाखवून, कारण सांगून पुन्हा विचारावं. समजून-उमजून दिलेला नकार आणि संभ्रमातला नकार यांत फरक करावा लागतो. शेवटच्या दिवसांत जेवण नाकारलं जातं तेव्हा शरीराची मागणीच संपत आलेली असते. माणूस जेवत नाही म्हणून जात नाही. तो जातो आहे म्हणून भूक गेलेली असते. त्या वेळी जबरदस्तीचा घास त्रासच देतो. ओठ ओले ठेवणं, ओल्या गॉजने तोंड पुसणं हीच तेव्हाची काळजी.

‘बाबांना सांगू नका’ ही विनंती डॉक्टरांना सर्रास केली जाते, आणि ती प्रेमातूनच येते. पण बाबांना काय हवंय हे कोणी विचारलेलं नसतं. सगळं सांगायचं की लपवायचं, अशी निवड करायची गरजच नाही. ‘तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती माहिती हवी? निर्णयांबद्दल कोणाशी बोलू?’ हा प्रश्न विचारून त्यांच्या उत्तराप्रमाणे चालावं. काही जण ‘मुलाशी बोला’ म्हणतात, तोही त्यांचाच निर्णय. बोलता येतंय तोवर वैद्यकीय इच्छापत्र करून घ्यावं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन पुरतं. त्यात व्हेंटिलेटर, कृत्रिम अन्न, छाती दाबून हृदय चालू करणं याबद्दलची इच्छा आणि आपल्या वतीने बोलणाऱ्याचं नाव लिहावं.

आता काळजी घेणाऱ्याचं. अमेरिकन तत्त्वज्ञ इव्हा किटे यांनी १९९९ साली मांडलं की जो परावलंबी माणसाला सांभाळतो तो त्या काळात स्वतःही दुसऱ्यावर अवलंबून असतो, म्हणून त्याला सांभाळणं हे समाजाचं देणं आहे. त्यांनी आधार घेतला बाळंतिणीची काळजी घेणाऱ्या बाईचा: ती बाळाला सांभाळत नाही, आईला सांभाळते, म्हणजे आई बाळाला सांभाळू शकते. पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत हीच आहे. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, सव्वा महिना घरकामातून सुटका. अंथरुणातल्या सासऱ्यांचं करणाऱ्या सुनेसाठी मात्र अशी कुठलीही रीत आपण घडवली नाही. निदान आठवड्यातला एक पूर्ण दिवस आणि सलग सहा तासांची झोप हे घराने ठरवून द्यायला हवं. ‘दमलीस की सांग’ यावर ते सोडलं तर ती सांगत नाही.

रुग्णसेवेसाठी माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोकडून येणाऱ्या मावशींनाही हेच लागू. १२ तासांच्या पाळीत त्यांना बसायला खुर्ची, जेवायला निवांत अर्धा तास, आणि घरातल्यांसारखंच ताट हवं. त्यांच्या घरी त्यांची मुलं आणि म्हातारी माणसं कोणीतरी दुसरी बाई सांभाळत असते, बहुधा थोरली मुलगी. आपल्या घरातली काळजी अशी दुसऱ्या घरातून उचललेली असते. वही त्यांनाही भरू द्यावी. लिहिता येत नसेल तर पाळी बदलताना पाच मिनिटं तोंडी विचारून घरच्याने लिहावं. दिवसभर अंगाला हात त्यांचा लागतो, पहिला बदल त्यांनाच जाणवतो.

एका घराला हे सगळं पेलत नाही, म्हणूनच ट्रोंटो यांनी २०१३ मध्ये पाचवा टप्पा जोडला: सोबतीने काळजी. केरळात तो प्रत्यक्षात आहे. १९९३ मध्ये कोझिकोडला सुरू झालेल्या पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटीच्या (गंभीर आजारात दुखणं आणि त्रास कमी करणारी शुश्रूषा) कामातून पुढे वस्त्या-वस्त्यांत स्वयंसेवकांची जाळी उभी राहिली आणि २००८ मध्ये राज्याने धोरण आखून स्थानिक स्वराज्य संस्थांना त्यात आणलं. आपल्या सोसायटीत किंवा वाडीत सुरुवात करायची तर सहा-आठ शेजाऱ्यांनी आठवड्याला दोन-दोन तास वाटून घ्यावेत. त्या दोन तासांत शेजाऱ्याने जवळ बसावं, गप्पा माराव्यात, पेपर वाचून दाखवावा, औषधं आणावीत. भरवणं आणि कूस बदलणं मात्र घरच्यांसोबत दोन-तीनदा करून पाहिल्याशिवाय त्याच्यावर सोपवू नये. खाटेच्या डोक्याशी कागद लावावा: चालू औषधं, कशाची ॲलर्जी, डॉक्टरांचा नंबर, इच्छापत्र कुठे ठेवलंय, आणि ठसका लागला तर काय करायचं.